पहिलं फावडं

"आधी चहा, मग भांडण," असं म्हणत डिम्फ्नाने किटली टेबलावर आदळली खरी, पण भांडण तिच्या चहासाठी थोडंच खोळंबणार होतं! ते चर्चच्या पायरीपासूनच तिघा भावंडांच्या मागोमाग घरी आलं होतं.

बाबांना जाऊन आज महिना झाला. सकाळी आठला सेंट फिन्टन चर्चमध्ये त्यांच्या नावाची महिन्याची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली. दोन दिवस आभाळ फाटल्यासारखा बर्फ पडत होता, तो काल संध्याकाळी कुठे थांबला. पाद्रीबाबा म्हणाले होते, आठवडाभर पुढे ढकलू. धाकट्या ऊनाने ऐकलं नाही. महिन्याचा दिवस महिन्यालाच, म्हणाली. आणि मग मिसेला आली किती माणसं? मोजून एकवीस. युजीन डेव्हेनीच्या मिसेला एकवीस माणसं! ज्या माणसाला बफेलो शहराच्या फर्स्ट वॉर्ड वस्तीत रस्ता ओलांडायला अर्धा तास लागायचा, कारण प्रत्येक जण हात मिळवायला थांबायचा, त्याच्यासाठी एकवीस. ऊनाला ते फार लागलं होतं. महिन्याभरात विसरले, असं ती घरी येईपर्यंत मनात घोकत होती.

आता बाबांच्या जेवणघरात ते तिघं बसले होते. आईने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे फोन दाराजवळच्या वेताच्या टोपलीत पडले होते. या टेबलाशी फोन नाही, टोपी नाही, शिवी नाही, असा आईचा नियम. तिसरा कधीच कोणी पाळला नाही.

"वाच एकदा नीट," रोझलीनने घरच्या फुटबॉल संघाच्या विक्रीचा कागद ऊनापुढे सरकवला. रोझलीन मधली. न्यूयॉर्कला असते, साराटोगाच्या शर्यतींत घोडे पळवते आणि नाकावर माशी बसू देत नाही. "टेक्ससच्या माणसाने दुपारी बारापर्यंत वेळ दिलाय. तुझी सही झाली की दोन विरुद्ध एक. संपला विषय."

"विषय संपला म्हणे!" कॉन टेबलाच्या टोकाला, बाबांच्या खुर्चीच्या शेजारी बसला होता. बाबांच्या खुर्चीत बसायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं. सदुसष्ट वर्षांचा, तीस वर्षं संघाचा कारभार पाहणारा, थोरला. "आजोबांनी बोटीच्या पोटात उभं राहून धान्य उपसलं. दिवसाला बारा तास, नाकातोंडात भुसा. त्याच धान्य उपसणाऱ्यांना गोळा करून संघ काढला, स्कूपर्स, म्हणजे उपसणारे, असं नाव ठेवलं. आणि आपण तो विकायचा, कोणाला? ज्याने आयुष्यात बर्फ फक्त पेल्यात पाहिला, त्याला?"

"झालं याचं कीर्तन सुरू!" रोझलीन म्हणाली. "कॉन, तुला आजोबांचं काही पडलेलं नाही. तुझा डोळा त्या फावड्यावर आहे. बारा वर्षांचा असल्यापासून."

कॉनचे कान लाल झाले. खोटं काही नव्हतं त्यात. मैदानावर बर्फ साचला की पहिलं फावडं मालकाने मारायचं, आणि तेही आजोबांच्या धान्याच्या फावड्याने, मग उरलेला बर्फ गावाने काढायचा, ही या घराची रीत. आजोबांनंतर बाबांनी मारलं, सत्तावन्न वर्षं. बाबांच्या शेजारी लहानपणापासून कॉन उभा. एकदा तरी बाबा म्हणतील, घे रे, आज तू मार. बाबा कधी म्हणाले नाहीत.

बाबा गेले ते तिघांना सारखा वाटा ठेवून. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, आणि तिथेच घोळ झाला. लीगचा नियम असा की संघाला एकच धनी हवा, ज्याच्या शब्दावर बाकीचे चालतील. सोमवारी ते नाव कळवायचं, नाहीतर संघ विकायचा. कॉन म्हणे मी धनी. रोझलीन म्हणे तुझ्या हाताखाली मी एक दिवस राहणार नाही, विका. दोघांचीही नाडी ऊनाच्या हातात.

आणि ऊनाला काय हवं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. तिला वॉर्ड हवा होता.

मुलांच्या हॉस्पिटलात लहान जिवांसाठी अतिदक्षता विभाग. रात्रंदिवस डॉक्टर, हवी ती यंत्रं. म्हणजे मेंदूज्वर झालेल्या कुठल्याही लेकराला घेऊन बर्फातून दूरच्या रोचेस्टर शहराची वाट धरावी लागणार नाही. डेव्हेनींच्या दानधर्माचा सगळा कारभार ऊना पाहत होती. शाळा झाल्या, वाचनालयं झाली, अनाथ मुलींचं वसतिगृह झालं. वॉर्ड मात्र एवढा खर्चिक की संघाच्या मिळकतीला हात लावल्याशिवाय तो होणार नव्हता. तीन वेळा तिने कॉनपुढे पदर पसरला. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, संघाचा पैसा संघात. आणि आता टेक्ससवाल्याच्या एका सहीत असे चार वॉर्ड होत होते.

तिने पेन उचललं.

"ऊना," कॉन म्हणाला, "बाबांची माती अजून ओली आहे गं."

"माझ्या आयलीनची सुकली का रे?"

आयलीन हे नाव या टेबलाशी वर्षानुवर्षं कोणी घेतलं नव्हतं. ऊनाची लेक, सहा वर्षांची होती. पंच्याऐंशीच्या जानेवारीतलं ते वादळ. घराबाहेर कमरेएवढा बर्फ, पोर तापाने फणफणलेली, मान ताठ झालेली. घरी आलेल्या डॉक्टरांनी हात टेकले, रोचेस्टरला न्या म्हणाले. ऊना तिला मांडीवर घेऊन अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसली, तेव्हा जेमतेम उजाडत होतं.

"उगीच बोलू नका माझ्याशी माती न् बिती," ऊना म्हणाली. "नशीब, त्या दिवशी महापालिकेची बर्फ काढायची गाडी पुढे गेली होती, म्हणून हमरस्त्याला तरी लागलो. रोचेस्टरला पोचलो. तिथे दोन दिवस मिळाले मला. दोन! दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले, माझ्याशी बोलली. हेच सगळं इथे असतं, आपल्या गावात, पहिल्या तासाला, तर आज ती पस्तीस वर्षांची असती. मला आता कोणी आजोबांचं धान्य सांगू नका."

कॉनने तोंड उघडलं. "ऊना, त्या दिवशी ती गाडी…" एवढंच म्हणाला. त्याने चहाचा कप उचलला, तो रिकामा होता, तरी ओठाला लावला.

"काय त्या दिवशी?"

"काही नाही. सही कर. तुझा हक्क आहे."

ऊनाने लिहायला घेतलं. 'ऊना मेरी' एवढं लिहून झालं आणि स्वयंपाकघरातून डिम्फ्ना धावत आली. डिम्फ्ना म्हणजे कॉनची बायको. एरवी जागची न हलणारी बाई, ती हातात ओली बशी घेऊन दारात उभी.

"अहो, तुम्ही कोणी टेडीला फोन केला होता का?"

"कसला फोन?" कॉन म्हणाला.

"बर्फाचा! उद्या सामना आहे ना! रेडिओवर सांगतायत, मैदानावर लोक सकाळी सातपासून उभे आहेत. फावडी घेऊन. सुरूच करत नाहीयेत म्हणे. तुमची वाट बघतायत."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेडी वॉयचिक म्हणजे मैदानाचा रखवालदार. बर्फ थांबला की त्याला फोन करायचा, मी इतक्या वाजता येतो म्हणून सांगायचं, हे काम बाबांचं. सत्तावन्न वर्षांत ते दुसऱ्या कोणी केलं नव्हतं. कॉनला वाटलं यंत्रं लावली असतील. रोझलीनला वाटलं कॉन बघेल. ऊनाच्या तर मनातही आलं नव्हतं. संघ कोणाचा यावर महिनाभर घसा कोरडा करणाऱ्या तीन शहाण्यांना मैदानावर बर्फ पडलाय हे सुचलं नव्हतं!

"किती वाजले?" रोझलीनने विचारलं.

"दहा वाजून गेले."

"अरे देवा," ऊना म्हणाली. तीन तास. या थंडीत.

आणि मग तिच्या एकदम लक्षात आलं, मिसेला एकवीसच माणसं का होती ते. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की ती पेन तिथेच टाकून उठली.

*

मैदान घरापासून चार गल्ल्यांवर, नदीकाठी, धान्याच्या उंच कोठारांच्या पायथ्याशी. भाजलेल्या ओट्सचा वास नेहमीसारखा हवेत भरून होता. तिघं चालतच निघाले, कारण गाडी काढायला रस्ता नव्हता. रोझलीनचे न्यूयॉर्कचे बूट दहा पावलांत भिजले. तिने एक सणसणीत शिवी हासडली आणि मग कॉनचा दंड धरला. महिनाभरात पहिल्यांदाच ती त्याला शिवली होती.

"यंत्रं आणून सुरुवात करायची ना त्या टेडीने," ती कुरकुरली. "एवढं काय अडलंय!"



खेळाडूंच्या बोगद्यातून ते आत शिरले. टोकाशी पोचल्यावर ऊनाचे पाय जागीच थबकले.

मैदान पांढरंशुभ्र, चारी बाजूंनी भरलेलं. त्यावर एका माणसाचं पाऊल नाही. आणि त्याच्या कडेने, पायऱ्यांवर, रांगांमध्ये, अगदी वरच्या कठड्यापर्यंत माणसं. पाच हजार असतील, आठ हजार असतील, कोण मोजणार! गुडघाभर बर्फात उभी. प्रत्येकाच्या हातात काही ना काही. कोळशाची फावडी, अंगणातली फावडी, बेकरीतली लांब दांड्याची लाकडी पाती. एका बाईने तर टर्की भाजायचं भलं मोठं पातेलं आणलं होतं. गोदीवरचे म्हातारे, पोलिश बेकरीवाले, ईस्ट साइडच्या कृष्णवर्णीयांच्या चर्चचा अख्खा गायकवृंद, नुकत्याच आलेल्या पोर्तो रिकोच्या बायका. सगळ्यांच्या तोंडातून निघणारी वाफ वर चढत होती. आणि आवाज नव्हता. एवढ्या माणसांचा आवाज नव्हता. ऊनाच्या अंगावर सरसरून काटा आला. चर्चमध्येही तिला असं कधी झालं नव्हतं.

"बाबा रे," रोझलीन हळूच म्हणाली.

टेडी वॉयचिक बोगद्याच्या तोंडाशी उभा होता. ऐंशीच्या घरातला, कानटोपी, मिशांवर बर्फ. दोन्ही हातांत आडवं धरलेलं आजोबांचं फावडं. रुंद पात्याचं, आणि दांडा तीन पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला.

"आलात का एकदाचे," तो म्हणाला.

"टेडी, माफ कर," कॉन म्हणाला. "तू सुरू का नाही केलंस?"

"मी म्हटलं ना त्यांना! म्हटलं यंत्र आणतो, तासाभरात काम होईल. तर माझ्यावरच डाफरले. म्हणाले, आज युजीनचा महिना आहे. घरचं माणूस आल्याशिवाय बर्फाला हात लावायचा नाही. घरात चाललं असेल काही दुःखाचं, येतील, थांबू या."

दुःखाचं! ऊनाला मान वर करवेना. घरात काय चाललं होतं ते तिचं तिला माहीत.

तेवढ्यात वरून एक जाड आवाज आला. "काय रे कॉन! चहा पीत बसला होतास की काय, गाढवा? युजीन असता तर एव्हाना आम्ही घरी असतो!" पायऱ्यांवर हशा पिकला. कॉननेही हात वर केला, पण त्याचे डोळे भरून आले होते.

"बरं," टेडीने फावडं पुढे केलं. "कोणाच्या हातात देऊ?"

साधा प्रश्न. महिनाभर तीन वकिलांना सुटला नव्हता.

रोझलीनने मान वळवली. ऊना एक पाऊल मागे सरली. हे फावडं कॉनचं, याबद्दल तिच्या मनात तरी शंका नव्हती. बारा वर्षांचा असल्यापासूनचं. कॉनने हातमोजे काढले, हात पुढे केला, दांडा धरला. क्षणभर त्याने नुसता अंगठा फिरवला त्या गुळगुळीत लाकडावरून. मग तो वळला आणि त्याने ते फावडं ऊनासमोर धरलं.

"तू मार."

"वेडा आहेस का? मी तिकडे विकायचा कागद अर्धा लिहून आलेय."

"माहीत आहे. तरी तू मार." कॉनने खोल श्वास घेतला. "आणि आज मी बाबांचा शब्द मोडणार आहे. त्यांनी आम्हाला शपथ घातली होती, ऊनाला सांगायचं नाही, तिला उपकाराचं ओझं होईल. टेडीलाही घातली होती."

टेडीने मान खाली घातली.

"ऊना, पंच्याऐंशी साली महापालिकेची गाडी आलीच नव्हती. ती गॅरेजमध्ये अडकली होती. सगळं शहर बंद होतं."

"मग रस्ता?"

"बाबांनी पहाटे टेडीला फोन केला. टेडीने घंटा वाजवली, अग्निशमनाची. बाबा हे फावडं घेऊन आपल्या दारातून सुरू झाले. अकरा गल्ल्या, ऊना. आपल्या दारापासून हमरस्त्यापर्यंत. हाताने. तुमची अ‍ॅम्ब्युलन्स पुढे सरकत होती ना हळूहळू, तिच्यापुढे ही माणसं बर्फ काढत चालली होती. मी होतो. डिम्फ होती, पोटुशी. सगळा फर्स्ट वॉर्ड होता."

ऊनाने मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं. मग पुन्हा कॉनकडे. एकोणतीस वर्षं ती त्या गाडीच्या अनोळखी चालकासाठी दर जानेवारीत मेणबत्ती लावत आली होती.

"ते दोन दिवस," ती शेवटी म्हणाली.

"हो," कॉन म्हणाला. "म्हणून म्हणतो, तू मार. आणि वॉर्ड बांध. तीनदा नाही म्हणालो, चुकलो. सोमवारी तुझं नाव कळवू. संघाचा पैसा कुठे लावायचा ते तू ठरव. मी आपला बर्फ काढत जाईन."

"आणि हिचं काय?" ऊनाने रोझलीनकडे पाहिलं.

"हिचं हे, की हिचे पाय गोठलेत," रोझलीन नाक पुसत म्हणाली. "कॉनच्या हाताखाली राहणार नाही म्हटलं होतं मी. तुझ्या हाताखाली राहायला मला कोणी विचारलंच नव्हतं. मार आता, नाहीतर सगळे इथेच मरू."

ऊनाने फावडं घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते फार जड होतं. त्या कोऱ्या पांढऱ्या मैदानात ती चार पावलं आत गेली, पातं बर्फात रोवलं, होता नव्हता तेवढा जोर लावून उचललं आणि बाजूला फेकलं. अर्धा बर्फ तिच्याच बुटांवर पडला.

आणि मग आठ हजार फावडी एकदम बर्फात शिरली.

तो आवाज! लोखंड, लाकूड, पत्रा, सगळ्याचा मिळून एक खरखरीत, सलग, अंगातून जाणारा आवाज. ऊना फावडं टेकून उभी राहिली. तिने हा आवाज ऐकला होता. अ‍ॅम्ब्युलन्सच्या काचा बर्फाने पांढऱ्या झालेल्या, मांडीवर तापाने पेटलेलं पोर, आणि बाहेर सतत, न थांबता हाच आवाज. तिला त्या दिवशी वाटलं होतं, गावाशेजारच्या सरोवराचा बर्फ वाऱ्याने फुटतोय. तीच माणसं होती ती. एवढी वर्षं ती त्यांच्यामधून वावरली होती आणि तिला कळलं नव्हतं. ती ढसाढसा रडू लागली, आणि रडतारडताच तिने दुसरं फावडं भरलं.

कॉन तिच्या डावीकडे आला, साधं अंगणातलं फावडं घेऊन. रोझलीनने टेडीकडून कुणाचं तरी मोडक्या दांड्याचं घेतलं आणि आसपासच्यांना बजावलं, "कोणी फोटो काढला तर याद राखा!"

उजवीकडे एक म्हातारी होती, निळा स्कार्फ बांधलेली. सराईत हात, दम न लागता काम चालू. ऊनाने तिला विचारलं, "बाई, पंच्याऐंशी साली तुम्ही होतात का? त्या सकाळी?"

म्हातारीने तिच्याकडे बघितलं. कोण विचारतंय आणि काय विचारतंय, दोन्ही तिला कळलं. "ओहायो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर," ती म्हणाली. "मी आणि माझा नवरा. तो आता नाही." तिने एक फावडं फेकलं. "आमचं कमी पडलं गं पोरी. अजून अर्धा तास आधी मोकळा व्हायला हवा होता रस्ता. तो जाईपर्यंत हेच म्हणत होता."

"नाही हो," ऊनाने तिचा हात धरला. "कमी नाही पडलं. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. तिला दोन दिवस मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जागी झाली, माझ्याशी बोलली."

म्हातारीचं फावडं थांबलं. "बोलली?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, भूक लागली. आजोबांकडचा मनुक्यांचा ब्रेड दे. आणि हसली."

म्हातारी मागे वळली आणि मागच्या पायरीवरच्या माणसाला म्हणाली, "ऐकलंस का? पोरगी बोलली होती. जागी होऊन बोलली होती."

त्याने फावडं थांबवलं, टोपी काढली आणि आपल्या मागच्याला सांगितलं. त्याने त्याच्या मागच्याला. एकेक रांग थांबत होती, ऐकत होती आणि पुन्हा बर्फाला लागत होती. ऊना खाली उभी राहून बघत होती. वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत ती बातमी पोचायला बराच वेळ लागला.